उभे असताना पायातले रक्त हृदयापर्यंत वर कसे पोहोचते?

मागवाला (प्रश्न)

इचलकरंजीत आमचा यंत्रमागांचा लहानसा कारखाना आहे. माग चालवणारे कामगार पाळीभर उभे असतात आणि त्यांच्यापैकी वय झालेल्या बऱ्याच जणांच्या पोटऱ्यांवर निळ्या, वेटोळ्या शिरा फुगून आलेल्या दिसतात. संध्याकाळी घोट्याभोवती सूज येते, चपलेचा पट्टा रुततो आणि सकाळपर्यंत ती सूज उतरलेली असते. एका कामगाराला डॉक्टरांनी ‘व्हेरिकोज व्हेन्स’ असे निदान सांगून गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे वापरायला दिले. त्या निमित्ताने मी रक्ताभिसरणावर थोडे वाचन केले आणि एका ठिकाणी अडलो. माझे शिक्षण पदार्थविज्ञानात बी.एस्सी.पर्यंत झाले असल्यामुळे शंका आकड्यांतच मांडतो.

डाव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) रक्त महारोहिणीत (शरीराच्या मुख्य धमनीत) येते तेव्हा दाब १२०/८०, म्हणजे सरासरी पाऱ्याचे ९५ मिमी असतो असे धरू. बारीक रोहिण्यांमध्ये (धमन्यांमध्ये) तो झपाट्याने उतरतो, केशवाहिन्यांच्या नीलेकडील (शिरेकडील) टोकाला १५ मिमीच्या आसपास उरतो आणि उजव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) पोहोचेपर्यंत जवळजवळ शून्यावर येतो. आता उभ्या माणसाचा घोटा हृदयाच्या खाली सुमारे १२० सेंमी असतो. रक्ताची घनता १.०६ धरली तर एवढ्या उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब ९० मिमीच्या थोडा वर जातो. म्हणजे हाताशी दाब आहे १५ आणि चढण आहे ९० ची. एवढ्या दाबावर रक्त जेमतेम २० सेंमी चढेल, म्हणजे फार तर नडगीच्या मध्यापर्यंत.

मग उरलेला मीटरभर प्रवास रक्त कोणाच्या जोरावर करते? हृदय ते वर ओढून घेते, की पोटरीचे स्नायू ते ढकलतात? आणि स्नायूच ढकलत असतील, तर न हलता उभ्या असलेल्या माणसाचे रक्ताभिसरण बंद का पडत नाही?

सह्यकडा

मागवाला, आपण विचारलेल्या दोन पर्यायांपैकी दुसरा बरोबर आहे. पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात ते उगाच नाही.

पायात नीलांचे दोन संच असतात. एक त्वचेखालचा, जो आपल्याला डोळ्यांनी दिसतो, आणि दुसरा स्नायूंच्या आत खोलवर असलेला. पायातून परत जाणाऱ्या रक्तापैकी सुमारे नव्वद टक्के रक्त या खोल नीलांमधून जाते. पोटरीचे स्नायू एका चिवट, न ताणल्या जाणाऱ्या आवरणात घट्ट गुंडाळलेले असल्यामुळे ते आकुंचन पावले की त्यांना बाहेर फुगायला जागा मिळत नाही आणि सगळा दाब आतल्या नीलांवर येतो. जोरदार आकुंचनात हा दाब २०० मिमीच्याही वर जाऊ शकतो. नीलांमध्ये दोन-दोन पाकळ्यांच्या झडपा असतात. त्या फक्त हृदयाच्या दिशेने उघडतात, म्हणून दाबले गेलेले रक्त वरच जाते. स्नायू सैल पडला की रिकाम्या झालेल्या खोल नीलेतला दाब कमी होतो, वरचे रक्त झडपांमुळे खाली येऊ शकत नाही आणि त्वचेखालच्या नीलांमधले रक्त जोडनीलांतून आत शिरते. चालताना प्रत्येक पावलाला हे घडते.

याच्या जोडीला श्वसन आहे. श्वास आत घेताना श्वासपटल खाली सरकते, छातीतला दाब घटतो, पोटातला वाढतो आणि पोटातल्या मोठ्या नीलेतले रक्त छातीकडे सरकते. थोडक्यात, रक्त खाली पाठवण्याचे काम हृदयाचे आणि वर आणण्याचे काम पायांचे.

लंबक

सह्यकडा यांनी केलेले पोटरीचे वर्णन अचूक आहे, परंतु त्यांचे शेवटचे वाक्य मला मान्य नाही. ते खरे असते तर अर्धांगवायूने पाय लुळे पडलेल्या माणसाला चाकांच्या खुर्चीत बसवताच त्याच्या पायांतले रक्त तिथेच थांबले असते. तसे होत नाही. प्रश्नकर्त्याचा तिसरा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर पोटरीत नाही, त्यांनी मांडलेल्या गणितातच आहे.

त्या गणितात १५ हा आकडा आडव्या माणसाचा आहे आणि ९० हा उभ्या माणसाचा. दोन वेगवेगळ्या स्थितींतले आकडे एकमेकांसमोर ठेवले म्हणून पेच निर्माण झाला. माणूस उभा राहतो तेव्हा १२० सेंमीचा रक्तस्तंभ फक्त नीलांमध्येच नसतो, तो रोहिण्यांमध्येही असतो. त्यामुळे घोट्याजवळच्या रोहिणीतला सरासरी दाब ९५ राहत नाही, तो १८५ च्या आसपास जातो. तिथल्या केशवाहिनीच्या नीलेकडील टोकाला १५ नव्हे, १०५ च्या जवळपास दाब असतो. त्यातून ९० ची चढण वजा केली की हृदयाशी पोहोचताना पुन्हा तेच १५ उरतात, आणि वाटेतल्या नीलांचे घर्षण सोसायला तेवढे पुरते. उभ्या, निश्चल माणसाच्या पावलावरच्या नीलेत सुई घालून दाब मोजला तर तो खरोखरच ९० मिमीच्या आसपास भरतो.

बांधकामावर गवंडी दोन खांबांवर एकाच पातळीच्या खुणा करायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती डोळ्यांसमोर आणावी. नळीचा मधला भाग कितीही खाली लोंबू दिला तरी दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीला राहते, कारण उतरत्या बाजूचे वजन चढत्या बाजूच्या वजनाला तोलून धरते. रक्ताभिसरण हेही एक बंद वेटोळे आहे. महारोहिणीतून पायाकडे उतरणारा स्तंभ आणि महानीलेतून वर येणारा स्तंभ एकमेकांना तोलतात. हृदयाला रक्त ‘उचलावे’ लागत नाही. त्याला फक्त वाहिन्यांच्या घर्षणावर, त्यातही मुख्यतः बारीक रोहिण्यांच्या अडथळ्यावर मात करावी लागते, आणि तो अडथळा माणूस आडवा असो वा उभा, असतोच.

हृदय रक्त ओढून घेते का, यावर थोडे. उजव्या निलयाच्या आकुंचनाच्या वेळी अलिंद व निलय यांच्यामधली झडप खाली खेचली जाते आणि अलिंदात किंचित ओढ निर्माण होते, हे खरे आहे. पण नीलांच्या भिंती मऊ असतात. त्यांच्यातला दाब भोवतालच्या दाबापेक्षा खाली गेला की त्या चपट्या होतात, आणि चपट्या नळीतून कितीही ओढले तरी जास्त काही येत नाही. अलिंदातला दाब शून्याच्या खाली उतरल्यावर परतणारे रक्त आणखी वाढत नाही, याचे कारण हेच आहे. ओढून नेणे हा या यंत्रणेचा मुख्य मार्ग नाही.

हृदयाच्या वरच्या भागात मात्र हा तोल इतका सरळ राहत नाही. उभे असताना मानेच्या नीला बहुतांशी मिटलेल्या असतात, त्यामुळे ‘उतरता स्तंभ चढत्याला तोलतो’ हे विधान मेंदूच्या बाबतीत कितपत लागू करायचे यावर शरीरक्रियाशास्त्रज्ञांमध्ये बराच वाद झालेला आहे. पायांच्या बाबतीत तसा वाद नाही.

एक व्यावहारिक गोष्ट याच हिशेबातून निघते. रक्तदाब मोजताना दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीला असावा असे सांगतात. हात खाली लोंबता ठेवून मोजले तर पातळीतल्या प्रत्येक १० सेंमी फरकाला आकडा साधारण ८ मिमीने वाढलेला दिसतो. घरी रक्तदाब मोजणाऱ्या कितीतरी जणांना हे कोणीच सांगितलेले नसते.

मागवाला

लंबक सर, गणित पटले आणि सुटल्यासारखे वाटले. पण त्यामुळे नवाच प्रश्न निर्माण झाला आहे. दोन्ही स्तंभ एकमेकांना तोलत असतील आणि न हलताही रक्त वर जात असेल, तर आमच्या कामगारांचे पाय सुजतात कशामुळे? कवायतीत सावधान स्थितीत उभे राहिलेले तरुण जवान चक्कर येऊन पडतात, ते कशामुळे? आणि निसर्गाने पोटरीत एवढ्या झडपा बसवल्या त्या कशासाठी?

शरीरक्रिया_वर्ग

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी पडतो, आणि बहुतेक जण ‘पोटरी रक्त वर चढवते’ हे उत्तर पाठ करून पुढे जातात. लंबक यांचे विवेचन योग्य आहे, पण त्यांची नळी ताठ आहे आणि शरीरातल्या नीला ताठ नाहीत. आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या एका फरकात आहेत.

रोहिणीची भिंत जाड व स्नायुमय असते, नीलेची पातळ असते. दाब तेवढाच वाढवला तर नीलेत रोहिणीपेक्षा कितीतरी पट जास्त रक्त मावते. आपल्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि कोणत्याही क्षणी त्यातले साठ टक्क्यांहून अधिक रक्त नीलांमध्येच असते, म्हणजे नीला या नुसत्या परतीच्या वाटा नसून शरीराचा रक्तसाठा आहेत. माणूस उभा राहिला की खालच्या नीलांमधला दाब वाढतो, त्या फुगतात आणि अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीकडून पाय व ओटीपोटाकडे सरकते. हे रक्त अडकलेले नसते, ते वाहतच असते. फक्त तेवढ्या रक्ताचा मुक्काम आता खाली असतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त तात्पुरते घटते.

हृदय आपल्याकडे जेवढे येईल तेवढेच पुढे पाठवू शकते. विश्रांतीत ते एका ठोक्याला साधारण ७० मिलि आणि मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकते. येणारे रक्त घटले की निलय कमी भरते, कमी ताणले जाते आणि त्याचे आकुंचनही कमी जोराचे होते. जर्मनीत फ्रँक आणि इंग्लंडमध्ये स्टार्लिंग यांनी प्राण्यांच्या हृदयांवर प्रयोग करून हा गुणधर्म दाखवून दिला, म्हणून त्याला त्या दोघांचे नाव आहे. (या गुणधर्माचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. डाव्या आणि उजव्या हृदयाचे काम दर मिनिटाला तंतोतंत समान राहण्यामागे मुख्यतः हाच आहे. उजवी बाजू डावीपेक्षा सतत एक टक्का जरी जास्त रक्त पाठवत राहिली, तरी मिनिटाला ५० मिलि या हिशेबाने अर्ध्या तासाच्या आत फुप्फुसांत दीड लिटर जादा रक्त साचेल.)

म्हणून उभे राहताच रक्तदाब घसरू लागतो. ही घसरण मानेतल्या रोहिणीच्या दुभाजनाजवळ आणि महारोहिणीच्या कमानीत असलेल्या दाबग्राही चेतातंतूंना क्षणात कळते. मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांकडून आदेश सुटतात, नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी वाढते, बारीक रोहिण्या आवळल्या जातात, नीलांच्या भिंतीही घट्ट होतात. निरोगी माणसाला यातले काहीच जाणवत नाही. म्हातारपणी, अंगातले पाणी कमी झाल्यावर, किंवा रक्तदाबाची काही औषधे चालू असताना हा प्रतिसाद मंदावतो आणि अंथरुणातून झटकन उठले की डोळ्यांसमोर अंधारी येते.

आता कवायतीतला जवान. मेंदू हृदयाच्या वर ३० सेंमीच्या आसपास असल्यामुळे उभे असताना तिथला दाब हृदयाजवळच्या दाबापेक्षा २० ते २५ मिमीने कमीच असतो, म्हणजे मुळातच फारशी सवलत नसते. त्यात जवान गुडघे ताठ ठेवून, पोटरी न हलवता, उन्हात उभा असतो. उष्णतेमुळे त्वचेतल्या वाहिन्या रुंदावतात, पायांतल्या केशवाहिन्यांमध्ये १०० मिमीच्या घरातला दाब असल्यामुळे रक्तातले पाणी त्यांच्या भिंतींतून बाहेर झिरपत राहते. पूर्ण निश्चल उभ्या माणसाच्या रक्ताच्या आकारमानापैकी १० ते २० टक्के भाग १५ ते ३० मिनिटांत अशा रीतीने ऊतींमध्ये जाऊ शकतो. एका मर्यादेनंतर भरपाईची यंत्रणा कोलमडते, नाडी एकदम मंद होते, वाहिन्या सैलावतात आणि माणूस कोसळतो. कोसळल्यावर तो आडवा होतो, पायातले रक्त आपोआप छातीकडे येते आणि तो शुद्धीवर येतो. म्हणून चक्कर आलेल्याला धरून उभा करण्याची किंवा खुर्चीत बसवण्याची जी धडपड लोक करतात ती थेट अपायकारक आहे. त्याला आडवेच राहू द्यावे आणि पाय थोडे उंच करावेत.

पोटरी आणि झडपा कशासाठी, याचे उत्तर यातूनच मिळते. पोटरीचे खरे काम रक्त उचलण्याचे नसून पायातल्या नीलांमधला दाब उतरवण्याचे आहे. निश्चल उभ्या माणसाच्या पावलावरच्या नीलेत ९० मिमी दाब असतो, पण तोच माणूस चालू लागला की दहा-बारा पावलांत तो २५ ते ३० मिमीपर्यंत खाली येतो. प्रत्येक पावलाला पोटरी नीला रिकाम्या करते, झडपा मिटतात आणि १२० सेंमीचा अखंड स्तंभ तुकड्यांत विभागला जातो. खालच्या झडपेवर मग साऱ्या उंचीचा भार राहत नाही, फक्त तिच्या वरच्या तुकड्याचा राहतो. चालणे थांबवल्यावर केशवाहिन्यांतून हळूहळू रक्त येऊन या नीला पुन्हा भरायला निरोगी पायात २० सेकंदांहून जास्त वेळ लागतो. उभ्याने काम करतानाही मधूनमधून टाचा उचलल्या तर दाबाला पूर्ण ९० पर्यंत चढायची संधी मिळत नाही.

सूज का येते ते आता लक्षात येईल. केशवाहिनीतला दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिने, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत धरून ठेवतात. जे थोडे बाहेर राहते ते लसीकावाहिन्या (ऊतींमधले जादा पाणी रक्तात परत नेणाऱ्या बारीक नळ्या) वाहून नेतात. पाळीभर दाब चढा राहिला तर झिरपणे लसीकावाहिन्यांच्या आवाक्याबाहेर जाते. रात्री झोपल्यावर ९० मिमीचा जादा भार नाहीसा होतो आणि सकाळपर्यंत पाणी परत जाते.

अंतराळवीरांचे याच्या नेमके उलट होते. वजनरहित अवस्थेत रक्तस्तंभाला भारच नसतो, त्यामुळे रक्त व इतर द्रव छाती-डोक्याकडे सरकतात, चेहरे सुजल्यासारखे दिसतात आणि पाय बारीक होतात. पृथ्वीवर परतल्यावर त्यांच्यातल्या अनेकांना पहिले काही दिवस उभे राहिले की चक्कर येते.

जुनेपान

झडपांचा विषय निघाला आहे म्हणून थोडा इतिहास सांगतो, कारण रक्ताभिसरणाचा शोधच या झडपांमुळे लागला असे म्हणायला आधार आहे.

इटलीतल्या पादुआ विद्यापीठात फॅब्रिसियस हे शरीररचनेचे प्राध्यापक होते. त्यांनी १६०३ मध्ये नीलांमधल्या झडपांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी झडपा नीट पाहिल्या, नीट काढल्या, आणि अर्थ मात्र उलटा लावला. त्या काळी गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या मताप्रमाणे असे मानत की रक्त यकृतात तयार होते, नीलांमधून अवयवांकडे जाते आणि तिथेच खर्च होते. नीलांमधून रक्त खाली जाते हे गृहीतच असल्यामुळे फॅब्रिसियस यांनी अनुमान काढले की झडपा ही रक्ताचा लोंढा एकदम हातापायांत उतरू नये म्हणून केलेली अडवणूक आहे. गंमत अशी की पायात रक्त साचण्याचा धोका त्यांनी अचूक ओळखला होता, दिशा तेवढी चुकली.

त्यांच्याच हाताखाली शिकून १६०२ मध्ये पदवी घेतलेला इंग्रज विद्यार्थी म्हणजे विल्यम हार्वी. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी नोंदवून ठेवले आहे की रक्त फिरते ही कल्पना कशी सुचली असे त्यांनी हार्वी यांना विचारले, तेव्हा हार्वी यांनी झडपांच्या रचनेकडे बोट दाखवले. १६२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हार्वी यांनी दिलेला दुसरा पुरावा हिशेबाचा होता. प्रत्येक ठोक्याला हृदय अगदी थोडे रक्त बाहेर टाकते असे धरले आणि अर्ध्या तासात हजारभर ठोके मोजले, तरी शरीरात असू शकेल त्याहून जास्त रक्त हृदयातून गेलेले भरते. एवढे रक्त अन्नापासून दर अर्ध्या तासाला नव्याने तयार होणे अशक्य, म्हणजे तेच ते रक्त फिरून येत असले पाहिजे. आजचे आकडे घातले तर दिवसाला सुमारे ७,००० लिटर होतात. रोहिणीतून नीलेत रक्त नेमके कोठून जाते हे हार्वी यांना दिसले नाही. ते वारल्यानंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ मालपिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या.

हार्वी यांनी दाखवलेला प्रयोग आपल्याला घरी करता येतो. दंडाला कापडी पट्टी मध्यम घट्ट बांधावी, इतकीच की मनगटाची नाडी लागत राहील. कोपराखालच्या नीला फुगतात आणि मधेमधे गाठीसारखे उंचवटे दिसतात, त्या झडपा होत. एका बोटाने नीला मनगटाच्या बाजूला दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त दंडाच्या दिशेने पुढच्या गाठीपलीकडे सारावे. दुसरे बोट उचलले तरी मधला भाग चपटाच राहतो, कारण झडप रक्त मागे येऊ देत नाही. पहिले बोट उचलताच तो खालून भरतो. पट्टी दोन मिनिटांहून जास्त ठेवू नये.

मागवाला

प्रयोग करून पाहिला. गाठी स्पष्ट दिसल्या आणि जुनेपान यांनी सांगितले तसेच घडले.

शरीरक्रिया_वर्ग सरांना तीन शंका. आमचे जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे) दिवसभर मागांच्या रांगांमधून फिरत असतात, एका जागी उभे राहत नाहीत, तरी त्यांच्यातल्या दोघांच्या शिरा सर्वांत जास्त फुगलेल्या आहेत. मग चालण्याचा उपयोग कुठे गेला? दुसरे, एका कामगाराची सूज रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून वाढली असे तो म्हणतो. त्यात काही तथ्य आहे का? आणि घट्ट मोजे सर्वांनाच आणून दिले तर चालतील का?

शरीरक्रिया_वर्ग

जॉबरांविषयी आधी. व्हेरिकोज व्हेन्स केवळ उभे राहण्यामुळे होतात असे नाही. घराण्यात असलेला कल, वय, वजन आणि स्त्रियांमध्ये गरोदरपण यांचा वाटा मोठा असतो आणि उभ्याचे काम त्यात भर घालते. नीला एकदा इतकी रुंदावली की झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना भिडेनाशा झाल्या, तर ती झडप निकामी होते. तिच्यावरचा भार मग खालच्या झडपेवर येतो, ती नीलाही ताणली जाते आणि बिघाड खाली पसरत जातो. अशा पायात पोटरी रक्त वर ढकलते खरी, पण स्नायू सैल होताच ते त्वचेखालच्या नीलांमधून पुन्हा खाली उतरते, त्यामुळे चालतानाही दाब पुरेसा घटत नाही आणि थांबल्यावर काही सेकंदांतच पूर्ववत चढतो. म्हणून त्या दोघांना चालण्याचा लाभ इतरांपेक्षा कमी मिळतो, पण एका जागी उभे राहण्यापेक्षा त्यांच्यासाठीही चालणेच बरे. घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा काळवंडली असेल, खाज येत असेल किंवा जखम भरत नसेल, तर पायांच्या नीलांची डॉपलर सोनोग्राफी करून कोणत्या झडपा निकामी आहेत ते पाहतात आणि त्यानुसार बिघडलेली नीला लेझरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने बंद करतात. ती बंद केल्याने रक्ताची वाट अडत नाही, कारण मुख्य वाहतूक खोल नीलांमधूनच चालते. मात्र त्या खोल नीला सुस्थितीत आहेत ना, हे आधी पाहावे लागते.

गोळीविषयी त्या कामगाराची तक्रार खरी असू शकते. अ‍ॅम्लोडिपिन हे आपल्याकडे फार वापरले जाणारे औषध बारीक रोहिण्या सैल करते, पण नीलांवर त्याचा तेवढा परिणाम होत नाही. केशवाहिनीच्या आधीचा अडथळा कमी झाल्यामुळे रोहिणीतला दाब पुढे केशवाहिनीपर्यंत जास्त प्रमाणात पोहोचतो आणि घोट्याला पाणी झिरपते. शरीरात पाणी साठल्यामुळे आलेली ही सूज नसते, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ती फारशी उतरत नाही. त्याने गोळी स्वतःहून बंद करू नये. डॉक्टरांना सांगितले तर ते मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात.

दोन्ही पायांवर संध्याकाळी येऊन सकाळी जाणारी सूज आणि खालील प्रकारच्या सुजा यांत गल्लत होऊ देऊ नका. सकाळीही न उतरणारी, चेहऱ्यावर किंवा पोटातही दिसणारी, अथवा आडवे झाल्यावर धाप लागण्यासोबत असलेली सूज हृदय, मूत्रपिंड वा यकृताच्या विकाराची असू शकते. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, गरम लागली, तर खोल नीलेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. ती गुठळी सुटली तर महानीलेतून उजव्या हृदयात आणि तिथून फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकते, म्हणून अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि तोवर पोटरी चोळू नये. गावाकडे चोळण्याचा उपाय सर्रास केला जातो, म्हणून मुद्दाम लिहिले.

मोजे सरसकट वाटू नका. त्यांचे तत्त्व सोपे आहे. घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर जाताना सैल होत गेलेला दाब बाहेरून दिला की नीला फुगत नाहीत आणि झिरपणे घटते. जिराफाच्या पायांची कातडी अशीच घट्ट असते, नाहीतर त्याच्या उंचीला आणि माणसाच्या दुपटीच्या रक्तदाबाला त्याचे पाय कायमचे सुजलेले राहिले असते. परंतु ज्याच्या पायातल्या रोहिण्याच अरुंद झाल्या आहेत, त्याच्या पावलांना आधीच कमी रक्त मिळत असते आणि बाहेरच्या दाबाने ते आणखी घटते. बरीच वर्षे विडी ओढणारे, तंबाखू खाणारे आणि मधुमेह असलेले कामगार तुमच्याकडे असतील, त्यांच्या पावलाची नाडी डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्यांना मोजे देऊ नका. इतरांनाही घोट्याचे आणि पोटरीचे माप घेऊनच घ्या, आणि सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, पायाला सूज नसतानाच चढवायला सांगा. कारखान्यात आल्यावर घातले तर तोवर नीला भरून गेलेल्या असतात आणि मोजे चढवतानाच माणूस कंटाळतो. रात्री ते काढून ठेवावेत.

मागाजवळ वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा ठेवून आळीपाळीने एकेक पाय त्यावर ठेवण्याची सवय लावता आली, तर तेवढ्यानेही गुडघा आणि घोटा हलता राहतो. जेवणाच्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटे भिंतीला पाय टेकवून आडवे व्हायला जागा करून द्या. पाय हृदयाच्या पातळीच्या वर गेले पाहिजेत. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवले तर ते हृदयाच्या खालीच राहतात आणि त्याचा उपयोग बराच कमी होतो.